लाभ वल्द नामालूम

अंबडच्या रस्त्याला, जालन्यापासून दीड कोसावर, एक बंद पडलेली जिनिंग होती. यंत्रं मालकानं कधीच विकून खाल्ली होती. राहिली होती ती लांबच लांब पत्र्याची शेड, एक इंजिनघर आणि भिंतींना चिकटलेला कापसाचा केर. निजामाच्या अमलात, फसली सन १३३८ च्या पौषात जालन्याच्या एका गल्लीत उंदीर पडले, मागोमाग दोन माणसं गेली, तशी सरकारनं ही जागा ताब्यात घेतली. भोवती तार ओढली, तारेबाहेर चर खणला आणि त्या गल्लीतली अडतीस माणसं आणून शेडमध्ये ठेवली. दहा दिवस कुणाला प्लेगची गाठ आली नाही तर सगळ्यांना सोडायचं, असा हुकूम होता.

स्वयंपाकाला झुंबरबाई होती आणि इंजिनघरातल्या प्रयोगशाळेत बद्रीनाथ. हे दोघं कैदी नव्हते, पगारी होते. पण तारेच्या आत जो पाऊल ठेवील तो आतला, असा नियम निघाला आणि दोघंही अडकले. डॉक्टर, मुन्शी आणि फाटकावरचा जवान यांचे तंबू तारेच्या बाहेर. डॉक्टर तेवढे तोंडाला फडकं बांधून, गुडघ्यापर्यंत बूट चढवून आत यायचे आणि जाताना फिनेलच्या बादलीत उभे राहायचे.

बद्रीनाथला या नियमाचा फार राग होता आणि त्याचं चुकत नव्हतं. तो परतूरचा. त्याची बायको सोनूबाई परतुरातच माहेरी होती. पहिलटकरीण, नववा महिना. तिची आई बाळंतपणातच गेलेली, त्यामुळं पोरगी धास्तावलेली. निघताना तिनं त्याच्या सदऱ्याची बाही धरली ती सोडेचना. "कळा लागायच्या आत येतो," असं त्यानं तिला सांगितलं होतं, आणि दहा दिवसांचा हिशेब मांडून ते बराबर जमतही होतं. जालन्याहून गाडीत बसायचं आणि तिसऱ्या प्रहराला परतूर. एवढंच त्याला हवं होतं.

तोवर काम होतं. बोटाला सुई टोचायची, थेंब काचेवर घ्यायचा, वर पातळ काच ठेवून कडा व्हॅसलिननं बंद करायच्या आणि ती काच कंदिलावर कोमट ठेवलेल्या लाकडी पेटीत सरकवायची. मग खुर्दबिनीला डोळा लावला की त्या थेंबातल्या पांढऱ्या पेशी चालताना दिसतात. खरंच चालतात. अंग एका बाजूनं पुढं काढतात, मागचं ओढून घेतात, वाटेत जंतू भेटला की त्याला पोटात घालतात. डॉक्टर कमरोद्दीन याच्याच मागं लागले होते. साथीत सापडलेल्या माणसाच्या पांढऱ्या पेशी किती जंतू खातात, आणि अंगाबाहेर काढल्यावर किती तास जगतात, हे त्यांना मोजायचं होतं. हैदराबादेहून त्यांनी खुर्दबीन आणली होती आणि बद्रीनाथलाही तिथंच त्यांनी हे काम शिकवलं होतं.

पहिला थेंब बद्रीनाथनं स्वतःचा घेतला, आपला पडताळ्याला. आता बद्रीनाथचा बाप परतूरच्या मोंढ्यात मापाडी. उभा जन्म धान्य मापण्यात गेला त्याचा. आणि मापाडी पहिल्या मापाला कधी 'एक' म्हणत नाही. म्हणतो 'लाभ'. लाभ, दोन, तीन, चार. रास मोठी असो की मूठभर, सुरुवात लाभानं. पोरगं मॅट्रिक झालं, विलायती काचेतून बघायला लागलं, पण मोजायला बसलं की ओठांवर तेच. पेशी मोजताना तो पहिलीला लाभ म्हणे, आणि काचांवर चिठ्ठ्या डकवतानाही हात आपोआप तसाच चालला. पहिल्या काचेवर लिहिलं 'लाभ'. दुसरीवर 'दोन, झुंबरबाई'. तिसरीवर 'तीन, कचरू'. अशा एकूण चाळीस.

डॉक्टर ती चिठ्ठी बघून हसले. "आमच्याकडं बरकत म्हणतात," ते म्हणाले. "बरकत, दो, तीन. चालू दे तुझं."

पेशी साधारण दीड दिवस जगल्या. मग एकेक करून गोल झाल्या आणि जागच्या जागी थांबल्या. कुणाच्या तीस तासांत, कुणाच्या चाळीस. बद्रीनाथ तास लिहून घेत गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी एकोणचाळीस काचा मेल्या होत्या आणि एक चालू होती.

"लाभ?" डॉक्टरांनी विचारलं.

"जी. माझीच."

डॉक्टरांनी बराच वेळ डोळा लावून पाहिलं. "बिलकुल ताजं. अरे, आत्ता काढल्यासारखं." त्यांनी पुन्हा त्याच्या बोटाला सुई टोचली. तो दुसरा थेंब नेहमीसारखा दीड दिवसात गेला. नंतर तिसरा घेतला, तोही गेला. पहिला मात्र पाचव्या दिवशीही चालत होता, सहाव्या दिवशीही. बद्रीनाथला सुरुवातीला थोडा मोठेपणा वाटला, खोटं कशाला बोला! मग त्यानं एकदा त्या काचेतल्या पेशी मोजल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजल्या, तर जास्त भरल्या. रक्तातल्या पांढऱ्या पेशी काचेवर वाढत नसतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मोजण्यात चूक झाली असणार म्हणून त्यानं तिसऱ्यांदा मोजल्या. आकडा आणखी वर गेला होता. तो त्यानं वहीत लिहिला, पण डॉक्टरांना दाखवला नाही. उगाच नव्या तपासण्या निघतील, आणि निघायचा दिवस पुढं जाईल.

दहावा दिवस उजाडला. कुणाला गाठ नाही, कुणाला ताप नाही. माणसं पहाटेपासून गाठोडी बांधून बसलेली. मुन्शी जहांगीर फाटकात टेबल टाकून बसला. म्हातारा, बारीक, कामाला अगदी चोख माणूस. नाव पुकारायचं, माणसानं हाजिर म्हणायचं, रजिस्टरात अंगठा द्यायचा, लिहिता येत असेल तर सही, आणि सुटकेची चिठ्ठी घ्यायची. सगळी नावं पुरी झाल्यावर फाटक एकदम उघडायचं, अशी रीत.

चाळीस नावं झाली. बद्रीनाथनं सही केली. मुन्शीनं पान उलटलं आणि पुकारलं, "लाभ, वल्द नामालूम."

बद्रीनाथला हसू आलं. काय झालं ते त्याच्या ध्यानात आलं होतं. रक्ताची यादी त्यानंच मुन्शीकडं दिली होती. मुन्शीनं ती माणसांच्या यादीशी ताडून पाहिली असणार, आणि एक माणूस नोंदवायचा राहिला म्हणून त्याचं नाव इमानेइतबारे उर्दूत चढवलं असणार. बापाचं नाव ठाऊक नाही, म्हणून नामालूम. तो सांगायला पुढं झाला.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "हाजिर."

आवाज अडखळत आला, बऱ्याच दिवसांनी बोलणाऱ्या माणसाचा असतो तसा. सगळ्यांनी मागं पाहिलं. शेडच्या दारात कुणी नव्हतं. माणसं होती ती सगळी टेबलापुढं उभी होती.

"कोण बोललं रे?" डॉक्टरांनी विचारलं. कचरू म्हणाला, माझ्या बाजूनं आलं. दुसरा म्हणाला, माझ्या. जवानानं डोकी मोजली. चाळीस. पुन्हा मोजली. चाळीसच.

"मुन्शीजी, ह्या नावाचं माणूसच न्हाई," बद्रीनाथ म्हणाला. "आमच्यात पहिल्या मापाला लाभ म्हणतेत. ती काचेवरची चिठ्ठी होती. खोडून टाका."

"सरकारी रजिस्टर आहे," जहांगीर म्हणाला. "ह्याच्यात खोडाखोड होत नाही. नाव आत आलं, आता ते दोनच वाटांनी जाईल. सुटका नाही तर मैयत." त्यानं चष्म्यावरून बद्रीनाथकडं पाहिलं. "आणि नाही कसं म्हणता? हाजिर म्हणाला की तो."

चाळीस चिठ्ठ्या परत घेतल्या गेल्या, चाळीस नोंदींवर 'स्थगित' लिहिलं गेलं. तालुक्याला कागद गेला आणि चौथ्या दिवशी उत्तर आलं. लाभ नावाचा इसम मिळेपर्यंत कुणालाही सोडू नये. तोवर रोज सकाळी हजेरी घ्यावी.

हजेरी रोज झाली आणि रोज उत्तर आलं. बद्रीनाथ आता मुद्दाम मुन्शीच्या शेजारी, माणसांकडं तोंड करून उभा राही आणि प्रत्येकाच्या ओठांवर नजर ठेवी. ओठ कुणाचेच हलत नसत. आवाज मात्र येई, आणि दिवसागणिक मोकळा होत चालला. तिसऱ्या दिवशी दोघंतिघं चमकून बद्रीनाथकडंच बघायला लागले.

"मी न्हाई," तो म्हणाला. 

झुंबरबाई चाळीस माणसांच्या मापानं भाकरी थापायची. ती त्या दुपारी इंजिनघराच्या दारात येऊन उभी राहिली. "दादा, मी बराबर मोजून टाकते. एका माणसाची रोज कमी पडून राह्यलीय. तुमच्या पाव्हण्याला म्हणावं, जेवायला बस, पण तोंड दाखव. हे असं बरं न्हाई."

"माझा कशाचा पाव्हणा, मावशी?"

"मंग कोणाचा?" ती म्हणाली आणि निघून गेली.

त्यानं शेड पाहिली. कोपरान् कोपरा पाहिला. पार टोकाला, जिथं कुणी झोपत नव्हतं, तिथं कापसाचा केर कुणी निजल्यासारखा, माणसाच्या लांबीएवढा दबलेला होता. त्यानं हात लावून पाहिला. जागा कोमट होती. दिवसा, पौषातल्या थंडीत, पत्र्याच्या शेडमध्ये. तो इंजिनघरात आला आणि काच खुर्दबिनीखाली घातली. पेशी इतक्या दाटल्या होत्या की मोजता येईनात. आणि त्या साऱ्या एकाच अंगाला सरकत होत्या, शेडच्या अंगाला. त्यानं काच फिरवून उलटी घातली. पेशी थांबल्या, वळल्या आणि पुन्हा शेडकडं निघाल्या.

हजेरीच्या पाचव्या दिवशी दुपारी चराच्या पलीकडून हाक आली. "दाजी! ओ दाजी!"

सोनूबाईचा भाऊ होता, नाव कारभारी. पहाटेच्या गाडीनं आला होता. "दाजी, ताईला कालच्यापासून कळा येऊन राह्यल्यात. मोकळी होत न्हाई. सुईण म्हणती, मूल आडवं हाय. ताई सारखी तुमचंच इचारती. म्हणती, ते आल्याबिगर मी सुटत न्हाई."

बद्रीनाथ तारेपाशी आला. जवानानं आडवी काठी धरली. त्यानं जवानाच्या हातापाया पडून पाहिलं, शिव्या देऊन पाहिलं. मग तो डॉक्टरांच्या नावानं ओरडला. डॉक्टर तंबूतून आले, आणि मान खाली घालून उभे राहिले.

"हुकूम तालुक्याचा आहे, बद्रीनाथ. मी काय करू?"

तेव्हा त्याच्या डोक्यात ती गोष्ट आली. सुचली तेव्हा अगदी सरळ वाटली. तो मुन्शीला म्हणाला, "मुन्शीजी, लाभ म्हणजे मीच. रक्त माझं, चिठ्ठी माझ्या हातची. त्याच्या नावापुढं माझा अंगठा घ्या. उद्या बद्रीनाथच्या नावावर सही करीन. दोन्ही नावं सुटली, रजिस्टर साफ झालं. कोणाचं काय जातंय?"

जहांगीरनं रजिस्टराचं पान मागं-पुढं करून पाहिलं. "एक आदमी, दोन नावं. असं होतं कधी कधी," तो म्हणाला. "अंगठा द्या. उद्या सकाळी चिठ्ठ्या."

बद्रीनाथनं शाई लावून अंगठा उठवला. डॉक्टरांनी साक्ष म्हणून खाली सही केली. कारभारी चराच्या पलीकडंच घोंगडी अंथरून थांबला, सकाळी दाजींना घेऊनच जाईन म्हणाला.

सकाळी बद्रीनाथ अंधार फिटायच्या आधीच आवरून बसला. कोट घालायला खुंटीकडं गेला तर कोट खुंटीवर नव्हता. असेल कुठं, म्हणून त्यानं तो विषय सोडला. निघण्यापूर्वी एकदा ती काच बघून घ्यावी, स्पिरिट ओतून धुवावी, असं त्याला वाटलं. त्यानं ती खुर्दबिनीखाली घातली.

काच रिकामी होती.

पेशी नव्हत्या. लाल नाहीत, पांढऱ्या नाहीत. व्हॅसलिनच्या कडा जशाच्या तशा बंद. त्यानं काच इकडून तिकडं सरकवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शोधली. भिंग बदललं, पुन्हा शोधली. बाहेर हजेरी सुरू झालेली त्याला ऐकू येत होती, नावामागून नाव. स्थगितीनंतर मुन्शीनं आपलं नाव लाभच्या खाली, अगदी शेवटाला उतरवलंय, हे माहीत होतं, म्हणून तो आणखी थोडा वेळ बघत राहिला.

"लाभ, वल्द नामालूम."

"हाजिर."

"बद्रीनाथ, वल्द मारोती."

त्यानं तोंड उघडलं. उत्तर त्याच्या आधीच आलं.

"हाजिर."

तो पळत सुटला. शेड ओलांडून फाटकापाशी पोचला तोवर फाटक उघडलं होतं. माणसं जालन्याच्या रस्त्याला लागली होती. पार पुढं कारभारी चालला होता, आणि त्याच्या बरोबरीनं बद्रीनाथचा कोट घातलेला एक माणूस. कारभारी त्याच्याशी बोलत होता. माणूस ऐकता ऐकता मान हलवत होता. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

"कारभारी!" बद्रीनाथ ओरडला. आवाज निघाला तो अडखळत, घोगरा. पुढच्या माणसांना तो पोचला नाही.

जवानानं काठी आडवी धरली.

"अरे, मला जाऊ दे! माझी सही राह्यली!"

"सही झाली," मुन्शी म्हणाला. त्यानं रजिस्टर फिरवून दाखवलं. बद्रीनाथची सही, त्याच्या नेहमीच्या वळणाची, शाई अजून ओली. वर लाभच्या नावापुढं कालचा अंगठा. "सगळे गेले. रजिस्टर साफ."

"तो मी नव्हतो! तुम्ही चेहरा न्हाई का बघितला?"

"मी चेहरे बघत नाही. सही बघतो." जहांगीरनं टाक पुसला, आणि मग पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट पाहिलं. "तुम्ही कोण?"

डॉक्टर आले. त्यांनी बद्रीनाथचा खांदा धरला, चेहरा उजेडाकडं वळवला, आणि त्याला इंजिनघरात नेलं. बोटाला सुई टोचली. थेंब काचेवर घेतला, वर पातळ काच ठेवली, आणि खुर्दबिनीला डोळा लावला. बराच वेळ ते वाकून होते. मग बाजूला झाले.

बद्रीनाथनं पाहिलं. आत्ता काढलेल्या थेंबात पांढऱ्या पेशी होत्या. सगळ्या गोल आणि जागच्या जागी थांबलेल्या.

डॉक्टरांनी हात धुतले, पुन्हा धुतले. आजवर त्याला अरेतुरे करणारा माणूस दारात थांबून म्हणाला, "तुम्ही आराम करा." नजर त्यांनी जमिनीकडं ठेवली होती.

नोंदीशिवायचा माणूस तारेच्या आत सापडला, म्हणून मुन्शीनं नवं पान काढलं. नाव विचारलं. बद्रीनाथ म्हणाला, बद्रीनाथ. तो सुटला, मुन्शी म्हणाला. सुटलेलं नाव पुन्हा चढत नाही. नावाची जागा त्यानं कोरी ठेवली आणि पुढं लिहिलं, दहा दिवस.

दहा झाले, अकरा झाले. कोऱ्या नावाला सुटकेची चिठ्ठी कशी काढायची, याचा हुकूम तालुक्याहून यायचा होता. शेडमध्ये तो एकटाच होता. त्याला भूक फारशी लागत नव्हती. सकाळी उन्हात बसला तरी अंग गार राही. दिवसातून शंभरदा तो एकच विचार करी, ती सुटली का? जगली का? ते विचारायलाही कुणी नव्हतं. फडकं बांधलेले डॉक्टर आता चरापर्यंतसुद्धा येत नव्हते.

चौदाव्या दिवशी चराच्या पलीकडं कारभारी दिसला. हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. बद्रीनाथ धडपडत तारेपाशी गेला.

"सोनू कशीय?"

कारभारीनं त्याच्याकडं पाहिलं. नजर परक्याची होती, जरा अवघडलेली. "ताई का? बरी हाय की. दाजी पोचले आन् घटकाभरात मोकळी झाली. मुलगा झाला. काल-परवा बारसं झालं, त्याच्याच ह्या घुगऱ्या. दाजींनी पाठवल्या. म्हणले, तिथं एकजण एकटाच मागं राह्यलाय, त्याला देऊन ये."

त्यानं पुरचुंडी काठीला अडकवून तारेवरून आत सरकवली. बद्रीनाथनं ती छातीशी धरली. ती जगली होती. त्याच्या डोळ्यांना पाणी आलं.

"नाव काय ठेवलं?"

"बद्रीनाथ."

बद्रीनाथनं एका हातानं तार धरली.

"ताई लई भांडली," कारभारी म्हणाला. "घरातलं कोणी गेलं की त्याचं नाव लेकराला ठेवतेत. जित्या बापाचं कोणी ठेवतंय का? पण दाजी ऐकंनात. म्हणले, ठेव बिनधास्त. ते नाव आता मोकळं झालंय." त्यानं काठी खांद्यावर टाकली, निघाला, आणि दोन पावलांवरून मागं फिरला. "घरी गेल्यावर ताई इचारल, घुगऱ्या कोणाला दिल्या म्हणून. पाव्हणं, तुमचं नाव काय?"